आधी निदान, मग पाना

मारुती 800 सेल्फ घेत नाही म्हटल्यावर आधी बॅटरी बदलली जाते. तरीही गाडी हुंकारून गप्प बसते, म्हणून सेल्फ खोलून कार्बन बदलले जातात. मग कोणीतरी इग्निशन स्विच सुचवतो. शेवटी इंजिनाकडून बॉडीला येणारी अर्थिंगची पट्टी कोणीतरी घासतो, नट आवळतो आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते. तोवर मालकाचे काही हजार रुपये गेलेले असतात. बदललेला प्रत्येक भाग नवा होता, बसवणाऱ्याचा हात चांगला होता. राहिले ते एवढेच, की नेमका कोणता भाग बिघडला आहे हे कोणी तपासले नाही.

हे पुस्तक त्या तपासणीबद्दल आहे. पाना कसा धरावा, कोणता नट किती आवळावा हेही त्यात आहे. पण प्रत्येक प्रकरण लक्षणापासून सुरू होते आणि भाग बदलायची वेळ येते ती प्रकरणाच्या अगदी शेवटी. घाईत असलेल्या वाचकाला हा क्रम उलटा वाटेल. तो मुद्दाम तसा ठेवला आहे.

उदाहरणासाठी एकच गाडी घ्यायची तर मारुती 800 सोडून दुसरी कोणती घेणार? 14 डिसेंबर 1983 रोजी इंदिरा गांधींनी दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हाती पहिल्या गाडीची किल्ली दिली. 1986 मध्ये गाडीचे रूप बदलले, 2000 साली कार्बोरेटरच्या जागी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी एमपीएफआय यंत्रणा आली आणि जानेवारी 2014 मध्ये उत्पादन थांबले. या 30 वर्षांत भारतातच 25 लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. मुंबई, पुणे आणि सोलापुरात मात्र नवी 800 एप्रिल 2010 पासूनच मिळेनाशी झाली, कारण त्या शहरांत बीएस-4 लागू झाले आणि ही गाडी त्या निकषात बसवली गेली नाही. म्हणजे या शहरांत नवी म्हणून घेतलेली प्रत्येक 800 आज 15 वर्षांच्या पुढे गेली आहे. तिला दर 5 वर्षांनी आरटीओत तपासणीला उभे राहून नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. हे सगळे करून जो ती ठेवतो त्याचा त्या गाडीवर जीव आहे किंवा त्याला दुसरी परवडत नाही. मला दोन्ही कारणे सारखीच मोलाची वाटतात आणि दोघांनाही या पुस्तकाचा उपयोग व्हावा अशी इच्छा आहे.

गाडी घरी खोलून बघायची सवय महाराष्ट्रात मारुतीच्याही आधीची आहे. ती फियाटने लावली. ती बनवणारी वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स 1944 ची. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाटने, म्हणजे पद्मिनीने, मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ऑक्टोबर 2023 पर्यंत सेवा दिली. तिचे इंजिन गाडीच्या लांबीत बसवलेले, ताकद मागच्या चाकांना, आणि बॉनेटखाली दोन्ही बाजूंना हात जाईल एवढी ऐसपैस जागा. मारुतीत इंजिन आडवे आले, गिअरबॉक्स त्याच्या कुशीला चिकटला, ताकद पुढच्या चाकांना गेली. फियाटवर हात बसलेल्याला इथे पुन्हा शिकावे लागले. पण एकदा मांडणी कळली की 800 इतकी मोकळी दुसरी गाडी नाही. तिच्या बहुतेक नट-बोल्टना 10, 12, 14 आणि 17 नंबरचे पाने पुरतात. 796 सीसीचे तीन सिलिंडरचे हेच इंजिन ओम्नीतही होते आणि ओम्नी 2019 पर्यंत बनत होती. त्यामुळे पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर तिचे सामान अजून मिळते. दुकानात जाताना जुना भाग सोबत न्या आणि आरसी बुकावरचे उत्पादनाचे वर्ष सांगा. नुसते 'एट हंड्रेडचा द्या' म्हटले तर कार्बोरेटरच्या गाडीला एमपीएफआयचा भाग हातात पडू शकतो.

या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे आहे. घरी काम करणाऱ्याने गाडीबद्दलची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी. अ‍ॅल्युमिनियम मऊ असते. प्लग तिरका धरून पान्याने जोर लावला की हेडमधले आटे जातात आणि पाच मिनिटांचे काम हेड उतरवण्यावर जाते. म्हणून प्लग आधी नुसत्या बोटांनी फिरवत शेवटपर्यंत न्यायचा. पान्याची पाळी त्यानंतर: नवा प्लग असेल तर साधारण अर्धा फेरा, जुनाच परत लावत असाल तर त्याहून बराच कमी. गरम इंजिनावर प्लग काढूही नयेत, लावूही नयेत.

आता सुरुवातीच्या त्या अर्थिंगकडे वळतो, कारण जुन्या गाडीच्या विजेच्या तक्रारी जितक्या वेळा तारांच्या टोकांशी सापडतात तितक्या महागड्या भागांत सापडत नाहीत. यासाठी साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी असेल तर चांगली चार्ज झालेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना आकडा खाली येतो. तो 9.6 च्याही खाली जाऊन तिथेच रेंगाळत असेल तर बॅटरीवर संशय घ्या. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 दिसले तर अल्टरनेटर आपले काम करतो आहे. इथवरचे बऱ्याच जणांना माहीत असते. यापुढची चाचणी फार थोडे करतात, आणि माझ्या मते सगळ्या पुस्तकातली ती सर्वांत उपयोगी चाचणी आहे.

मल्टिमीटर व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरा. क्लिपवर नाही, प्रत्यक्ष शिशाच्या खांबावर. लाल पिन इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवा, रंग किंवा तेलकट थर नसेल अशा जागी. आता दुसऱ्या कोणाला तरी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून सेल्फ मारायला सांगा. अर्थिंग चांगले असेल तर आकडा 0.2 व्होल्टच्या आसपास राहतो. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर सेल्फला मिळायची ताकद वाटेतच कुठेतरी जळते आहे. ती कुठे, हेही याच मीटरने कळते. काळी पिन खांबावरच राहू द्या आणि लाल पिन एकेक टप्पा मागे आणा: इंजिनावरून बॉडीवर, बॉडीवरून बॅटरीच्या क्लिपवर. प्रत्येक वेळी सेल्फ मारायचा. ज्या टप्प्यावर आकडा एकदम पडतो, त्याच्या नुकत्याच मागे सोडलेल्या जोडात दोष. पुष्कळदा तो क्लिप आणि खांब यांच्यामध्ये साचलेल्या पांढऱ्या-हिरवट पुडीत असतो. गरम पाणी, खायचा सोडा, जुना दातांचा ब्रश आणि 10 नंबरचा पाना एवढ्यावर काम भागते. क्लिप काढताना मात्र निगेटिव्ह आधी काढायची आणि लावताना शेवटी लावायची. नाहीतर पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला की ठिणगी उडते, आणि बॅटरीभोवती हायड्रोजन असू शकतो.

एवढा सविस्तर क्रम मुद्दाम प्रस्तावनेतच दिला, कारण बाकीच्या प्रकरणांची रीत हीच आहे. रस्त्याचे टप्पे पाडायचे, प्रत्येक टप्प्यावर मोजायचे आणि दोष दोन टप्प्यांच्या मध्ये कोंडायचा.

दुसरी नेहमीची तक्रार मिसिंगची. तीन सिलिंडरच्या इंजिनात एक बंद पडला की एक तृतीयांश ताकद जाते. आयडलिंगला स्टिअरिंग हातात थरथरते आणि चढावर गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जायला तयार होत नाही. कुंभार्ली किंवा आंबा घाटात पावसात हे झालेल्याला वर्णनाची गरज नाही. इथे लोक पहिला दोष कार्बोरेटरला देतात. मी तो शेवटी देतो. ओल्या हवेत वाढणारी आणि ऊन पडल्यावर पळून जाणारी मिसिंग बहुतेक वेळा ठिणगीची असते, पेट्रोलची नाही.

ठिणगी कुठून पळते ते डोळ्यांनी बघता येते. अंधार पडू द्या, गाडी मोकळ्या जागेत न्या, बॉनेट उघडून इंजिन चालू करा आणि टॉर्च बंद करा. डोळे अंधाराला सरावले की जुन्या प्लगच्या तारांवर निळसर रेषा सरकताना दिसू लागतात. एखादी तार ब्रॅकेटला टेकली असेल तिथून ठिणगी धातूवर उडी घेताना दिसते आणि बारीक टिकटिक ऐकू येते. काही दिसले नाही तर फवारणीच्या बाटलीतून तारांवर आणि डिस्ट्रिब्युटरच्या कॅपवर पाण्याचा हलका तुषार मारा. हात, बाह्या आणि ओढणी पंख्यापासून व बेल्टपासून लांब ठेवून. ज्या क्षणी इंजिन लंगडू लागेल त्या क्षणी जागा सापडली. कॅप काढल्यावर आतल्या बाजूला पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर ती कार्बनची वाट आहे आणि ती पुसून जात नाही. कॅप बदला, रोटरही सोबत बदला.

कोणता सिलिंडर काम करत नाही हे शोधायला चालू इंजिनाची प्लगची तार ओढून बघायची पद्धत गॅरेजमध्ये सर्रास दिसते. ती करू नका. उघड्या तारेतली वीज जायला वाट शोधते. हाताला झटका बसतो, कॉइलवर आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनवर ताण येतो, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत न जळलेले पेट्रोल त्यात जाऊन तो खराब होतो. इंजिन बंद करून एक तार काढा, तिच्या टोकाला जुना प्लग लावून तो हेडच्या धातूवर घट्ट टेकवा, मग इंजिन थोडा वेळ चालवून आवाज ऐका. एमपीएफआयमध्ये त्याऐवजी त्या सिलिंडरच्या इंजेक्टरचा कनेक्टर काढा. जो सिलिंडर बंद केल्यावर इंजिनाच्या आवाजात काहीच फरक पडत नाही, तो आधीच बंद होता. त्याच्या प्लगचा रंग बघा: फिकट तपकिरी असेल तर जळण ठीक, कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर, ओला आणि तेलकट म्हणजे तेल वर येते आहे. डिस्ट्रिब्युटरच्या तारा परत लावताना क्रम 1-3-2 हा आहे आणि पहिला सिलिंडर टायमिंग बेल्टच्या बाजूचा. तार काढण्याआधी तिच्यावर चिकटपट्टी लावून आकडा टाकला की हा प्रश्नच येत नाही.

कार्बोरेटरबद्दल प्रकरण आहे, आणि ते लांब आहे. इथे दोनच सूचना. जेटच्या भोकात कधी तार घालू नये. पितळ झिजते, भोक मोठे होते आणि गाडी कायमची पेट्रोल पिऊ लागते. फवारा आणि हवा पुरेशी असते. दुसरी सूचना आजच्या पेट्रोलची. पंपावर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. ही गाडी त्यासाठी बनलेली नव्हती. तिचे जुने रबरी पाइप, मेकॅनिकल पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरच्या सील्स इथेनॉलने फुगतात, कडक होतात, चिरतात. इथेनॉल पाणी शोषून घेते, म्हणून महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत टाकीच्या तळाशी पाणी वेगळे होऊ शकते. इंधनाचे सगळे पाइप इथेनॉल चालणाऱ्या प्रतीचे घालून घ्या. हे काम पुढे ढकलू नये. चिरलेला पाइप गरम इंजिनावर थेंब टाकतो तेव्हा दुसरी संधी मिळत नाही. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर किल्ली फिरवायची नाही, आधी वास कुठून येतो ते शोधायचे.

गाडी गरम होण्याच्या तक्रारीवर आपल्याकडे एक उपाय इतका रूढ झाला आहे की तो चुकीचा आहे असे म्हणायलाही धीर लागतो: थर्मोस्टॅट काढून फेकणे. त्याने काटा खाली येतो हे खरे. पण इंजिन मग कधी नीट तापतच नाही, मिश्रण दाट राहते, पेट्रोल जास्त लागते, तेलात ओल साचते आणि सिलिंडर लवकर झिजतात. एमपीएफआयमध्ये तर संगणकाला इंजिन थंडच आहे असे वाटत राहते आणि तो पेट्रोल वाढवून देत राहतो. गाडी गरम का होत होती, हा मूळ प्रश्न तसाच राहतो. रेडिएटर भरला आहे का, झाकणाची सील धरते का, पंखा सुरू होतो का, या क्रमाने जा. पंखा लागत नसेल तर थर्मोस्विचचा कनेक्टर काढून, किल्ली चालू ठेवून त्याच्या दोन टोकांना वायरचा तुकडा जोडा. पंखा फिरला तर मोटर आणि वायरिंग ठीक, स्विच गेला. नाही फिरला तर फ्यूज, रिले, मोटर बघा. नुसते नळाचे पाणी वर्षानुवर्षे घालणाऱ्यांच्या रेडिएटरमधून गंजाचा तांबडा चिखल निघतो. कूलंटमधली गंजरोधक द्रव्ये त्यासाठीच असतात. गरम रेडिएटरचे झाकण उघडायचे नाही. आतले पाणी दाबाखाली 100 अंशांच्या वर गेलेले असते आणि दाब सुटताच ते वाफ होऊन अंगावर येते.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांसाठी गंजावर वेगळे प्रकरण केले आहे. इंजिन पुन्हा बांधता येते, पण फ्लोअर आणि खालच्या पट्ट्या खाऱ्या हवेने खाल्ल्या तर गाडी संपते. दारांच्या खालच्या कडेची पाणी निघायची भोके काडीने मोकळी ठेवा, पावसाळ्यात मॅट उचलून बघा, बॅटरीखालचा ट्रे धुऊन रंगवा. हे काम कंटाळवाणे आहे आणि गाडीचे आयुष्य त्यावरच ठरते.

काही कामे या पुस्तकात मुद्दाम दिलेली नाहीत. पुढच्या सस्पेन्शनच्या स्ट्रटची दाबलेली स्प्रिंग घरी सोडवायची नाही. निसटली तर माणूस जायबंदी होतो. सीएनजी किटला हात लावायचा नाही, आणि त्याच्या सिलिंडरची दर 3 वर्षांची हायड्रो टेस्ट चुकवायची नाही. ब्रेकचे तेल तपासणे, पॅड किती उरले ते बघणे, गळती ओळखणे हे सगळे आहे. पण ब्रेक खोलून जोडण्याचे पहिले काम जाणत्या माणसाच्या शेजारी बसूनच करावे. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही, एक मिनिटासाठीही, जायचे नाही. दोन जॅक स्टँड घेणे परवडत नसेल तर खालून करायची कामे परवडत नाहीत असे समजा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवायचे नाही, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

हे पुस्तक फिटरच्या विरोधात लिहिलेले नाही. नुसत्या कानाने बेअरिंगचा आवाज आणि व्हॉल्व्हचा आवाज वेगळा सांगणारे लोक कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि गावोगावच्या टपऱ्यांत बसलेले आहेत. त्यांची विद्या कागदावर पूर्ण उतरत नाही. त्यांच्याकडे जाताना 'गाडी बघा जरा' म्हणण्याऐवजी 'सकाळी थंड असताना ठीक चालते, वीसेक मिनिटांनी गरम झाली की मिसिंग मारते, तारा आणि कॅप नव्या आहेत' असे सांगता आले, तर त्यांचा वेळ वाचतो, तुमचे पैसे वाचतात. आणखी एक. बॉनेट उघडले की घरातल्या मुलींना अजूनही टॉर्च धरायला उभे करतात आणि पाना मुलाच्या हाती देतात. या गाडीतल्या बहुतेक कामांना ताकद लागत नाही, लक्ष लागते. पाना तिच्याही हाती द्या.

पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी, गाडी चांगली चालत असतानाच, एक काम करून ठेवा. शेवटच्या कोऱ्या पानावर तारीख आणि किलोमीटर टाकून आपल्या गाडीचे आकडे लिहा: रात्रभर उभी राहिल्यावरचे बॅटरीचे व्होल्ट, सेल्फ मारताना किती खाली येतात, इंजिन चालू असताना किती, हेडलाइट लावल्यावर किती. तिन्ही प्लगचे रंग. पंखा सुरू होतो तेव्हा तापमानाचा काटा कुठे असतो. एमपीएफआय असेल तर किल्ली फिरवल्यावर टाकीतल्या पंपाची गुणगुण दोन-तीन सेकंद ऐकू येते का. टाकी भरून किती किलोमीटर जाते. थंड इंजिनावरचे आकडे आणि गरम इंजिनावरचे आकडे वेगवेगळ्या रकान्यांत लिहा, आणि दर सहा महिन्यांनी त्याच क्रमाने पुन्हा घ्या.